नागपुरात बसून पेशीतली वाहतूक शिकताना: माझ्या पीएचडीची हकिगत

जानेवारी २०२५ मध्ये माझा व्हायवा झाला आणि नंतर पदवी मिळाल्याचं विद्यापीठाचं नोटिफिकेशन हातात आलं. तेव्हापासून विदर्भातल्या एमएस्सीच्या मुलामुलींचे फोन येतात. प्रश्न साधारण एकच असतो: "ताई, सेल बायॉलॉजीत पीएचडी करायची तर पुण्या-बंगळुरूलाच जावं लागते काय?" तेच ते फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. माझं उत्तर आधीच सांगून ठेवते. तिकडे राहायला जावं लागत नाही, पण जाऊन-येऊन करावं लागतं. आणि विषय ठरवताना दोन गोष्टी आधी बघायच्या: आपल्या खोलीत कोणता जीव जगेल आणि कोणाचा मायक्रोस्कोप आपल्याला वापरायला मिळेल. आवड त्यानंतर.

माझा विषय होता चेतापेशीच्या अक्षतंतूमधली, म्हणजे तिच्या लांब धाग्यातली, मायटोकाँड्रियाची ने-आण. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे कण. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचं केंद्रक असतं कमरेच्या बाजूला मणक्यात, आणि तिचं दुसरं टोक जवळपास एक मीटर लांब. टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं मात्र वर, केंद्रकापाशी तयार होतात. ती नुसती विसरणावर, म्हणजे आपोआप पसरण्यावर, सोडून दिली तर खाली पोचायला शतकं लागतील. म्हणून पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात, २५ नॅनोमीटर व्यासाचे. त्यांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन माल घेऊन चालतं, एटीपी या पेशीच्या इंधनाच्या एका रेणूमागे ८ नॅनोमीटरचं एक पाऊल. परतीचा माल डायनिन आणतं. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला साधारण ५० ते ४०० मिलिमीटर, म्हणजे मणक्यातून निघालेला माल अंगठ्यापर्यंत दोन-तीन दिवसांतही पोचू शकतो. हे मी एमएस्सीला पहिल्यांदा वाचलं आणि डोक्यातून काही गेलं नाही.

सीएसआयआर-नेट ही फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा मी डिसेंबर २०१७ मध्ये दिली. तिच्याबद्दल क्लासवाले पुष्कळ सांगतात, मी थोडक्यात सांगते. लाइफ सायन्सेसला अभ्यासक्रमाचे १३ घटक आहेत आणि ते सगळे करायला कोणालाच वेळ पुरत नाही. पेपर २०० गुणांचा. त्यातले १०० गुण 'क' भागाचे, ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, एकेक चार गुणांचा, आणि चुकलं की त्याचा पाव हिस्सा, म्हणजे एक गुण, कापला जातो. मी सहा घटक घट्ट केले, उरलेल्यांना हात लावला नाही. प्रयोगांच्या आलेखांवरचे प्रश्न सोडवायची सवय लावून घेतली, ती पुढे पीएचडीतही कामाला आली.

जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली की लोकांना वाटतं झालं. खरं म्हणजे तिथून कागद सुरू होतात. गाइड शोधा, त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का बघा, विद्यापीठात नोंदणी करा, कोर्सवर्क करा, विषय मंजूर करून घ्या. फेलोशिपचा जॉइनिंग रिपोर्ट, बँकेचा फॉर्म, हमीपत्र हे सगळं वेगळं. फेलोशिपच्या पत्रावर मुदत असते, ती संपायच्या आत रुजू व्हावं लागतं. माझी नोंदणी २०१८ च्या पावसाळ्यात झाली. पहिली फेलोशिप खात्यात यायला दिवाळी उलटली. तेव्हा महिन्याला २५ हजार होते, जानेवारी २०१९ पासून ३१ हजार झाले. पण ते कधी तीन महिन्यांचे एकदम, कधी पाच महिन्यांचे. घरभाडं आणि बसभाड्यापुरते सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवूनच सुरुवात करा. कंटिंजन्सीचे, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे, वर्षाला २० हजार मिळतात. त्यातून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचं जीएसटीचं बिल फाइलला लावा, कच्चं बिल चालत नाही.

कोर्सवर्कच्या सेमिनारला मी कायनेसिनच्या शोधाचा पेपर घेतला होता. १९८५ साली व्हेल, रीस आणि शीट्झ यांनी स्क्विडच्या अक्षतंतूतून हे प्रथिन वेगळं काढलं. मी प्रयोग बरा समजावून सांगितला असं मला वाटत होतं. माझ्या गाइड मॅडमनी एकच विचारलं, "स्क्विडच का?" उत्तर साधं होतं: स्क्विडचा तो अक्षतंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पिळून आतला रस बाहेर काढता येतो. मग त्या म्हणाल्या, "शेकमनला २०१३ चं नोबेल कशावर मिळालं? यीस्टवर. पावातलं यीस्ट. तू काय वापरणार आहेस ते मला पुढच्या आठवड्यात सांग."

मी फळमाशी म्हटलं. केळ्यावर घोंगावते ती, ड्रोसोफिला. उंदीर ठेवायचे तर प्राणीगृह आणि नैतिकता समितीच्या परवानग्या. माशीला ते लागत नाही. जनुकं बदललेल्या माश्या असल्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला मात्र रीतसर कळवावं लागतं. हा अर्ज नोंदणीच्या पहिल्याच महिन्यात टाकून द्या, कारण अशा समित्यांच्या बैठका काही रोज होत नाहीत. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटलं. कायनेसिनमध्ये बिघाड असलेली माशीची अळी चालताना दर पावलाला शेपूट वर उडवते. लांबच्या, म्हणजे शेपटीकडच्या स्नायूंपर्यंत माल नीट पोचत नाही, त्यामुळे मागचा भाग लुळा पडत जातो. हे बघायला साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप पुरतो, आणि तो आमच्याकडे होता. कोणत्या अळ्या महागड्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली न्यायच्या हे मी इथे, फिरत्या पंख्याखाली बसून ठरवू शकत होते.

विषय मान्यतेच्या बैठकीत एका सरांनी विचारलं, "याचा लोकांना उपयोग काय?" हा प्रश्न प्रत्येकाला येतो, तयारी ठेवा. मी सदाफुलीचं उदाहरण दिलं. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध मिळतं. ते सूक्ष्मनलिका बनू देत नाही म्हणून कॅन्सरच्या पेशींचं विभाजन थांबतं. पण चेतापेशींचे रूळही त्याच सूक्ष्मनलिकांचे, म्हणून रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि बहुतेकदा सुरुवात पायाच्या बोटांपासून, जिथले तंतू सगळ्यात लांब. शिवाय माणसात केआयएफ-५-ए या कायनेसिनच्या जनुकात दोष असला तर पाय ताठरत जाणारा एक आनुवंशिक आजार होतो. सर मान हलवून म्हणाले, "शीर्षक छोटं करा." त्या शीर्षकातून मी तीन शब्द काढले. तुम्ही आधीपासूनच शीर्षक थोडं ऐसपैस ठेवा. पुढे काम वळलं तर शीर्षक बदलायचा अर्ज ही एक स्वतंत्र यात्रा असते.

आता माश्यांबद्दल, कारण माझी निम्मी पीएचडी त्यांना जिवंत ठेवण्यात गेली. २५ अंशांना माशीची पिढी दहा दिवसांत होते, १८ अंशांना जवळपास दुप्पट वेळ लागतो. तीस अंशांच्या आसपास नर वांझ होऊ लागतात. आणि आपल्या नागपूरचा मे महिना ४५ ला टेकतो. इन्क्युबेटर एसीच्या खोलीत हवा आणि दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, नाहीतर दुपारी लाइट गेली की तासाभरात आतली हवा तापते. कोरड्या हवेचा त्रास तर कोणी सांगतच नाही. व्हायलमधलं, म्हणजे माश्या ठेवायच्या काचेच्या कुपीतलं, खाद्य वाळून काचेपासून सुटतं आणि अळ्या त्या फटीत जाऊन सुकतात. इन्क्युबेटरच्या तळाला पाण्याचा ट्रे ठेवायचा, एवढाच उपाय. पावसाळ्यात उलट बुरशी आणि माइट्स हे बारीक किडे. त्यातच डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणीची गाडी फिरते. तिचा आवाज आला की आमचे लॅब अटेंडंट भाऊ सगळं टाकून खिडक्या लावायला पळत. डास मारायचं औषध माशीलाही तितकंच लागतं. विभागात पेस्ट कंट्रोल कधी आहे हे ऑफिसच्या बाबूंकडून आठवडाभर आधी विचारून ठेवा.

स्टॉक, म्हणजे ठरावीक जनुकबदल असलेल्या माश्यांचे वाण, बाहेरदेशातून मागवले तर आयातीच्या परवान्याचे कागद लागतात. मला हवे असलेले बहुतेक स्टॉक बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या फ्लाय फॅसिलिटीत आणि देशातल्या इतर लॅबमध्ये होते. माशीवर काम करणारी मंडळी आपसांत स्टॉक देतात, सभ्यपणे ईमेल लिहिला की मिळतात. मागवा मात्र थंडीत. कुरिअरच्या गोदामात एप्रिलची एक दुपार काढली की व्हायलमध्ये काही उरत नाही.

माझे स्टॉक जमून काम सुरळीत चाललं होतं तेवढ्यात मार्च २०२० आला. विभाग बंद झाला. आम्ही स्टॉकचा एकेक संच वाटून घरी नेला. माझा आमच्या सक्करदऱ्याच्या घरात, स्वयंपाकघरात, माठाच्या तिवईखाली. ओलं पोतं गुंडाळलेला माठ, त्याच्याभोवती परातीत पाणी आणि पाण्यात कापसाचे बोळे लावलेल्या व्हायल. थर्मामीटर तिथे २८ दाखवायचा, बाहेर ४३ असताना. खाद्यासाठी प्रोपिऑनिक आम्ल कुठून आणणार? किराण्यातून मक्याचं पीठ, गूळ, चायना ग्रास आणि बेकरीचं यीस्ट आणलं, बुरशी टाळायला थोडं व्हिनेगर घातलं. जाड बुडाच्या गंजात शिजवायचं, सतत ढवळायचं, कोमट झालं की व्हायलमध्ये ओतायचं. आई शेजारच्या काकूंना गच्चीवरून सांगायची, "लोकं माश्या मारून राहिले, अन् आमची पोरगी पोसून राहिली." काही स्टॉक गेलेच. नाजूक होते ते मे महिन्यातच गेले. ते परत मागवून वाढवून पूर्वीच्या जागी यायला जवळजवळ २०२१ चा उन्हाळा उजाडला.

मग खरं काम: जिवंत अक्षतंतूतली हालचाल टिपणं. त्यासाठी लागणारा कॉन्फोकल पुण्यातल्या एका संस्थेत बाहेरच्या विद्यार्थ्यांना भाड्याने मिळायचा, तासाला ७०० रुपये. बुकिंग दीड-दोन महिने आधी. गाइडचं पत्र, नमुन्यांची माहिती, आगाऊ पैसे, ट्रेनिंगचा एक दिवस वेगळा. अळी हव्या त्या वयाची त्याच दिवशी व्हायला पाहिजे, म्हणून मागे मोजत यायचं: पुण्यातला स्लॉट शुक्रवारचा, तर अंडी कोणत्या दिवशी घालून घ्यायची, त्याआधी नर-मादी कधी एकत्र सोडायचे, त्याआधी कुमारी माद्या कधी गोळा करायच्या. २५ अंशांना मादी कोषातून बाहेर आल्यापासून आठेक तासांत वेगळी काढली नाही तर तिचा उपयोग नाही. सकाळी सातला एक फेरी, दुपारी एक, संध्याकाळी एक. रात्री व्हायल १८ अंशांना ठेवायच्या म्हणजे झोप मिळते. माझ्या कॅलेंडरवर त्या काळात सणवार नव्हते, माद्या होत्या.

माश्या नेल्या रेल्वेने. थर्माकोलचा डबा, झाकणाला भोकं, आत ओल्या वर्तमानपत्रात व्हायल. थर्ड एसीचं तिकीट मी माश्यांसाठी काढायची, स्वतःसाठी स्लीपर चाललं असतं. एकदा वर्धेला चढलेल्या काकूंनी सीटखाली डबा सरकवताना विचारलं, "काय नेऊन राहिली बेटा?"

"माश्या आहेत काकू. प्रयोगासाठी."

"अगं माय! पुण्यात माश्या नाहीत काय?"

मग शेगावपर्यंत मी त्यांना मायटोकाँड्रिया समजावला. त्यांनी मला धापोडे खाऊ घातले.

मायक्रोस्कोपपाशी वेळ फार थोडा असतो. अळी पाठीवरून उघडायची, आतली आतडी-चरबी बाजूला काढायची, मज्जातंतूंना धक्का लावायचा नाही, आणि वीसेक मिनिटांत रेकॉर्डिंग उरकायचं. त्यानंतर ऊतक थकतं आणि दिसणारा वेग खरा राहत नाही. हाताला हे वळण इथेच, नागपुरात, साध्या मायक्रोस्कोपखाली लावून जा. तासाला सातशे रुपयांवर सुई धरायला शिकू नये. जीएफपी या हिरव्या प्रथिनाने चमकणारे मायटोकाँड्रिया काळ्या पडद्यावर पहिल्यांदा बघितले तेव्हा मला वाटलं सगळे धावतील. बहुतेक जागचे हलत नाहीत. मध्येच एखादा निघतो, थांबतो, मागे येतो, परत पुढे जातो.

या व्हिडिओचा कायमोग्राफ करतात. अक्षतंतूवर एक रेघ मारायची आणि त्या रेघेवरचं दृश्य दर सेकंदाला एकाखाली एक लावत जायचं. आडवं अंतर, उभा वेळ. जागेवर बसलेला मायटोकाँड्रिया सरळ उभी रेघ होतो, चालणारा तिरकी; उजवीकडे झुकली तर टोकाकडे, डावीकडे झुकली तर केंद्रकाकडे. तिरकेपणावरून वेग. फिजी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं. पुण्यात एक दिवस गोळा केलेलं नागपुरात महिनाभर मोजत बसायचे. फाइलींची नावं एका ज्युनिअरकडून बदलून घेतली होती, म्हणजे निरोगी अळी कोणती आणि बिघाडाची कोणती हे मोजताना मला कळायचं नाही. हे जरूर करा. आणि डेटा दोन डिस्कवर ठेवा, एक घरी, एक विभागात.

माझी नोंदणी यूजीसीच्या २०१६ च्या नियमांखालची, त्यामुळे प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नियमांत ही सक्ती गेली आहे. तरी माझं मत विचाराल तर पेपर लिहाच; परीक्षकांनी विचारलेले अर्धे प्रश्न मला पेपरच्या समीक्षकांनी आधीच विचारले होते. एका नियतकालिकाने चार महिने ठेवून नाही म्हटलं, दुसऱ्याने दुरुस्त्या सांगून २०२३ मध्ये घेतला. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांचे ईमेल रोज येतात, त्यांना उत्तरसुद्धा देऊ नका.

फेलोशिप पाच वर्षांची. दोन वर्षांनंतर तीन जणांच्या समितीपुढे काम मांडून एसआरएफ, म्हणजे वरच्या पायरीची फेलोशिप, होतं. मला ३५ हजार झाले, जानेवारी २०२३ पासून ४२ हजार. आणि मग २०२३ च्या मध्यात ती संपली. प्रबंध लिहायचा बाकी. शेवटचं वर्ष मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. मानधन सत्र संपल्यावर एकरकमी आलं, तोवर घरच्यांवर होते. हे वर्ष प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. घरी आधीच सांगून ठेवा.

लिहायला मला आठ महिने लागले. साधनं आणि पद्धती हे प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहून टाका, माझं तेवढंच वेळेवर झालं होतं. मजकुराच्या साधर्म्याची तपासणी होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत हरकत नाही. त्यावर ४० टक्क्यांपर्यंत गेलं की दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. माझं पहिल्यांदा जास्त दिसलं ते माझ्याच छापलेल्या पेपरमुळे. तो वगळण्यासाठी गाइडचं पत्र जोडलं. प्री-सबमिशन सेमिनारनंतर धरमपेठेत छपाई आणि बाइंडिंग केलं, रंगीत पानं वेगळी काढून फक्त तेवढीच रंगीत छापली तरी साडेआठ हजार लागले. जून २०२४ मध्ये प्रबंध दिला. ग्रंथालय, वसतिगृह, स्टोअर, फी विभाग अशा सगळ्यांची ना-हरकत लागते, सह्या करणारा नेमका रजेवर असतो. उन्हाळी सुटीच्या आधी हे फॉर्म फिरवा.

मग वाट. बाहेरच्या दोन परीक्षकांचे अहवाल यायचे असतात. एक लवकर आला, दुसऱ्याला दिवाळीनंतरचा मुहूर्त सापडला. या काळात रोज ऑफिसात जाऊन विचारू नये असं सगळे म्हणतात. मी पंधरा दिवसांनी एकदा जायची, आवक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घेऊन. क्रमांक सांगितला की फाइल सापडते, नाव सांगितलं की "बघू".

व्हायवाला परीक्षकांनी कायनेसिनची पावलं वगैरे काही विचारलं नाही. पहिला प्रश्न: "एका अळीतले पन्नास मायटोकाँड्रिया मोजले तर नमुने पन्नास की एक?" मी म्हटलं, एक; एका अळीतले मायटोकाँड्रिया एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, म्हणून प्रत्येक अळीची सरासरी काढून तुलना अळ्यांची केली आहे. त्यांनी तक्ता उघडायला लावला, आकडे स्वतः पडताळले आणि मगच पुढे गेले. दुसरा बराच वेळ चाललेला प्रश्न होता मोजणी आंधळेपणाने, म्हणजे अळी कोणती हे न कळता, केली का, कोणी नावं बदलली, त्याची नोंद कुठे आहे. लॅबची वही सोबत होती म्हणून निभावलं. व्हायवाला वह्या घेऊन जा.

पदवीदान समारंभ होईल तेव्हा होईल. नोकरीच्या अर्जाला नोटिफिकेशन आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे पदवी दिल्याचा विद्यापीठाचा दाखला चालतो. हा दाखला आपणहून मिळत नाही, वेगळा अर्ज करून मागावा लागतो. आपल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते खिडकीवरच बघून घ्या. प्रबंधाची सीडी दिली की तो शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो.

माझे स्टॉक सध्या ज्युनिअर सांभाळते आहे, शेपूट उडवणाऱ्या अळ्यांसकट. विदर्भातल्या कोणत्याही कॉलेजला शिकवायला किंवा प्रोजेक्टला हवे असतील तर खुशाल मागा, खाद्याची कृतीही देईन. येताना थर्माकोलचा डबा घेऊन या, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच या. एप्रिलमध्ये मागितले तर मी नाही म्हणणार.